निकाल लागला, आता पाळणार कोण?

ऑगस्ट 1975 मधला एक आठवडा आपल्या घटनात्मक इतिहासातून वेगळा काढून वाचावा असा आहे. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवडणूक अलाहाबाद उच्च न्यायालयाने 12 जूनला रद्द ठरवली होती. त्यांच्या अपिलाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात सोमवारी, 11 ऑगस्टला होती. त्याआधीच्या गुरुवारी, 7 तारखेला, लोकसभेने 39 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. शुक्रवारी राज्यसभेने केली. शनिवारी राज्यांच्या विधानसभांनी तातडीच्या बैठका घेऊन तिला संमती दिली. रविवारी राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची सही झाली. सोमवारी न्यायमूर्ती आसनावर येऊन बसले तोवर राज्यघटनेत नवं कलम दाखल झालं होतं: पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर, आणि आधी लागलेला निकाल शून्यवत.

बहुमत हाती असलेल्या, हट्टाला पेटलेल्या नेत्याला न्यायालय खरंच रोखू शकतं का, हा प्रश्न या आठवड्याने जितक्या स्वच्छपणे विचारला तितका क्वचितच कुणी विचारला असेल. त्याला दोन तयार उत्तरं आहेत. कायद्यापुढे सगळे सारखे, हे एक. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, हे दुसरं. पहिलं उत्तर शाळेत शिकवतात, दुसरं चावडीवर ऐकू येतं. गाजलेले निकाल आणि त्या प्रत्येकाचं पुढे काय झालं हे शेजारी शेजारी मांडून पाहिलं, तर दोन्ही उत्तरं अपुरी पडतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. निकाल नेत्याला थेट अडवत नाही. नेत्याची इच्छा ज्यांच्या हातून अमलात येते त्या सचिवांना, बँकांना, आमदारांना, पक्षातल्या माणसांना तो अडवतो किंवा अडवत नाही. ते थांबले की नेता थांबतो. म्हणून कोणत्याही निकालाबद्दल विचारायचे प्रश्न तीन: आदेश कुणाच्या नावावर निघाला, कृती घडण्याआधी निघाला की नंतर, आणि नेत्याच्या स्वतःच्या गोटात तो पाळला जावा असं वाटणारं कुणी होतं का.

न्यायालयाच्या हाती काय असतं

देशातल्या सर्व मुलकी आणि न्यायिक प्राधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करावं, असं राज्यघटनेचं कलम 144 सांगतं. पूर्ण न्यायासाठी आवश्यक तो आदेश काढण्याचा अधिकार कलम 142 देतं. अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला कलम 129 ने, तर उच्च न्यायालयांना कलम 215 ने मिळतो. कागदावर हे पुष्कळ आहे. पण 1971 च्या अवमान कायद्यातली कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड एवढीच आहे, आणि ती अमलात आणायलाही पोलीस सरकारचेच लागतात. म्हणजे न्यायालयाची सगळी ताकद कलम 144 मधल्या त्या ‘सर्व प्राधिकाऱ्यां’च्या वागण्यावर उभी आहे.

निकालाला वळसा घालण्याच्या वाटा

पहिली वाट कायदाच बदलण्याची. ती इंदिरा गांधींनी शोधलेली नाही. 1951 मध्ये मद्रासच्या जातनिहाय जागावाटपाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा नेहरू सरकारने त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आणली. आज आरक्षणाच्या आणि जमीन सुधारणेच्या बाजूचा कोणताही माणूस ती दुरुस्ती चूक होती असं म्हणणार नाही. हे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण न्यायालयाच्या निकालाला सरकारने दिलेलं प्रत्येक उत्तर म्हणजे हुकूमशाही नव्हे. उघडपणे, चर्चेअंती, सर्वांना लागू होणारा कायदा करून दिलेलं उत्तर लोकशाहीतच बसतं. फरक पडतो तो कायदा कुणासाठी बदलला जातो यावर.

बँक राष्ट्रीयीकरणाचं उदाहरण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतं. 19 जुलै 1969 ला चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या. 10 फेब्रुवारी 1970 ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला: निवडक बँकांशी भेदभाव झाला, आणि भरपाईची तत्त्वं चुकीची होती. चार दिवसांत नवा वटहुकूम निघाला. बँका सरकारकडेच राहिल्या, पण भरपाईचे आकडे नव्याने मांडावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा आदेश न्यायालयाने रद्द केला. सरकारने लोकसभा विसर्जित करून 1971 ची निवडणूक जिंकली आणि वर्षअखेरीस 26 व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद केले. दोन्ही वेळा नेत्याला हवं ते मिळालं. मात्र एकदा जास्त पैसे मोजून, आणि एकदा जनतेसमोर जाऊन कौल घेऊन.

ही वाट आजही वापरात आहे. दिल्लीतल्या प्रशासकीय सेवांवर निर्वाचित सरकारचा अधिकार आहे, असं घटनापीठाने 11 मे 2023 ला सांगितलं. 19 मेला वटहुकूम निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. निवडणूक आयुक्तांच्या निवड समितीत, संसद कायदा करेपर्यंत, सरन्यायाधीश असावेत, असं न्यायालयाने मार्च 2023 मध्ये ठरवलं. डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री आला. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणाऱ्या शाहबानो निकालानंतर 1986 मध्ये राजीव गांधी सरकारने केलेला कायदा याच जातीचा. पण त्या कायद्याची पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 2001 मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला आणि त्याचा अर्थ असा लावला की घटस्फोटित स्त्रीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद इद्दतच्या काळातच करून देणं नवऱ्यावर बंधनकारक झालं. संसदेने बंद केलेलं दार न्यायालयाने पंधरा वर्षांनी त्याच कायद्याच्या शब्दांतून उघडलं.

दुसरी वाट न्यायाधीश बदलण्याची, तिसरी वेळ काढण्याची, चौथी गुपचूप न पाळण्याची. न्यायाधीश बदलण्याचा सर्वांत मोठा प्रयोग 1973 ते 1977 या काळात झाला.

1973 ते 1977: एका नेत्याची पूर्ण ताकद

केशवानंद भारती खटल्याचा निकाल 24 एप्रिल 1973 ला लागला. तेरा न्यायमूर्ती, 68 दिवसांची सुनावणी, आणि सात विरुद्ध सहा असा निसटता कौल: संसद राज्यघटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. याचिकाकर्त्यांच्या बाजूने मुंबईचे नानी पालखीवाला उभे होते. दुसऱ्याच दिवशी सरकारने जाहीर केलं की नवे सरन्यायाधीश अजितनाथ रे असतील. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलली गेली. तिघांनीही सरकारविरुद्ध कौल दिला होता, रे यांनी सरकारच्या बाजूने. तिघांनी राजीनामे दिले. उरलेल्या न्यायमूर्तींना जो संदेश जायचा तो गेला.

मग आला अलाहाबादचा निकाल. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी मांडलेले दोष वरवर पाहता किरकोळ होते. यशपाल कपूर हे सरकारी अधिकारी असताना निवडणुकीचं काम करत होते; त्यांचा राजीनामा 25 जानेवारी 1971 ला स्वीकारला गेला, काम त्याआधीच सुरू झालं होतं. आणि उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी सभांसाठी व्यासपीठं उभारली, ध्वनिवर्धकांच्या विजेची सोय केली. एवढ्यावरून लाखाहून अधिक मतांनी जिंकलेली निवडणूक रद्द झाली आणि सहा वर्षांची अपात्रता आली. शिक्षा अपराधाच्या मानाने जड होती, असं तेव्हाही अनेकांना वाटलं. पण कायदा तसाच होता.

24 जूनला सर्वोच्च न्यायालयात सुटीच्या काळातले न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधान राहता येईल, सभागृहात बोलता येईल, खासदार म्हणून मत देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी लागू झाली.

ऑगस्टमध्ये 39 व्या घटनादुरुस्तीच्या जोडीला निवडणूक कायद्यातही दुरुस्ती झाली आणि ती मागच्या तारखेपासून लागू केली गेली. ती निकालाशेजारी ठेवून वाचली की हेतू लपत नाही. सिन्हा यांनी उमेदवारी कधीपासून धरायची हे ठरवलं होतं, म्हणून ‘उमेदवार’ची व्याख्याच बदलली. राजीनामा कधी अमलात आला हा मुद्दा होता, म्हणून राजपत्रातली तारीख अंतिम मानायची ठरली. व्यासपीठांचा मुद्दा होता, म्हणून कर्तव्याचा भाग म्हणून अधिकाऱ्यांनी केलेली व्यवस्था गैरप्रकारातून वगळली. एका अपिलातले आक्षेप एकेक करून कायद्याच्या कलमांनी पुसले गेले. सर्वांसाठी केलेला कायदा आणि एका खुर्चीसाठी केलेला कायदा यांतला फरक इथे अगदी स्पष्ट दिसतो.

7 नोव्हेंबर 1975 ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. मूलभूत चौकटीच्या आधारे त्यांनी 39 व्या दुरुस्तीतलं ते उपकलम रद्द केलं. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाबाहेर ठेवता येणार नाही, असं आणीबाणी चालू असताना सांगितलं. त्याच वेळी मागच्या तारखेपासून बदललेला निवडणूक कायदा वैध मानून इंदिरा गांधींची निवडणूकही कायम केली. तत्त्व न्यायालयाने राखलं, खुर्ची नेत्याने राखली. काही जण याला शरणागती म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण हरलेल्या खटल्यात पेरलेलं हे तत्त्वच पुढे उपयोगी आलं. पुढच्याच आठवड्यात सरन्यायाधीश रे यांनी केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी पुन्हा तेरा न्यायमूर्ती बसवले, पालखीवालांनी तिथे प्राणपणाने युक्तिवाद केला, आणि 12 नोव्हेंबरला ते पीठ विसर्जित झालं. आपल्या मनासारखे सरन्यायाधीश नेमूनही सरकारला तो निकाल उलटवता आला नाही.

खरी हार पुढे होती. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं की आणीबाणीतही स्थानबद्धता कायद्यानुसार झाली की नाही हे तपासता येतं. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते उलटवलं. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तरी दाद मिळणार नाही का. आणीबाणी आहे तोवर नाही, असं ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी मान्य केलं. तरीही चौघे सरकारच्या बाजूने गेले. त्यांत पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते, भगवतीही होते. एकटे खन्ना विरोधात राहिले. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून त्या चौघांतलेच बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्याच महिन्यांत खालच्या पायरीवर वेगळं चित्र होतं. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1976 मध्ये सेन्सॉरचे आदेश रद्द केले. सगळी वृत्तपत्रं सरकारची री ओढू लागावीत यासाठी सेन्सॉर नेमलेला नाही, अशा अर्थाचं त्या निकालात होतं. आणीबाणीत सगळीच न्यायालयं वाकली, हे म्हणणं खरं नाही. वाकलं ते शिखर. आणीबाणीआधी सिन्हा आणि आणीबाणीत मुंबईचे न्यायमूर्ती त्यांच्या जागी ताठ होते, आणि त्यांच्या आदेशांना वरून आधार मिळाला नाही.

मार्च 1977 मध्ये रायबरेलीतच राजनारायण यांनी, म्हणजे अलाहाबादच्या खटल्यातल्या त्याच याचिकाकर्त्याने, इंदिरा गांधींना 55 हजारांहून अधिक मतांनी हरवलं. जनता सरकारने 44 व्या दुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही, अशी तजवीज केली. संसदेच्या घटनादुरुस्त्यांना न्यायालयात आव्हानच देता येणार नाही, असं 42 व्या दुरुस्तीने 1976 मध्ये ठरवलं होतं. ते कलम मिनर्व्हा मिल्स खटल्यात 1980 मध्ये रद्द झालं. तेव्हा इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान होत्या आणि निकाल देणारे सरन्यायाधीश तेच चंद्रचूड होते. या वेळी ज्येष्ठता डावलली गेली नाही, चार दिवसांत घटनादुरुस्ती झाली नाही. नेता तोच होता. सत्तेचा माज एकदा लोकांनी उतरवला होता, हा फरक होता. 1976 चा तो स्थानबद्धतेचा निकाल तर 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणाच्या खटल्यात स्पष्ट शब्दांत रद्द झाला. तो रद्द करणाऱ्यांत यशवंत चंद्रचूडांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षं लागली. विनाचौकशी तुरुंगात राहिलेल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

महाराष्ट्रातले तीन निकाल

देशपातळीवरच्या या इतिहासापेक्षा राज्यातली उदाहरणं या प्रश्नावर कधी कधी अधिक प्रकाश टाकतात, कारण इथे सत्तेची साखळी लहान असते आणि कोणी काय केलं ते दिसतं.

पहिलं तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांचं. सिमेंट तेव्हा नियंत्रित होतं. बिल्डरांना सिमेंटचा कोटा आणि मुख्यमंत्र्यांशी संबंधित प्रतिष्ठानाला देणग्या यांचा संबंध अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये 1981 च्या ऑगस्टअखेरीस उघड केला. जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो संबंध सिद्ध मानला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. हा निकालाचा विजय होताच. पण विधानसभेत अंतुल्यांच्या पक्षाचं भक्कम बहुमत होतं. निकालाने त्यांना पायउतार व्हावं लागलं कारण दिल्लीतल्या पक्षश्रेष्ठींना ते आता नको होते. ज्या इंदिरा गांधींनी स्वतःविरुद्धच्या निकालावर आणीबाणी आणली, त्यांनीच आपल्या मुख्यमंत्र्याविरुद्धचा निकाल पाळायला लावला. फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षं या न्यायालयातून त्या न्यायालयात फिरत राहिला. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आपलाच चार वर्षांपूर्वीचा आदेश मागे घेतला. 1986 मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनाही वैद्यकीय परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. तिथेही निकालाला पक्षाची साथ मिळाली.

दुसरं 2006 चं. परवानगीशिवाय लाकूड उद्योगांना परवाने द्यायचे नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 1997 पासून होता. राज्याच्या वन खात्याने परवाने दिले. न्यायालयाने वनमंत्री स्वरूपसिंह नाईक आणि खात्याचे प्रधान सचिव या दोघांनाही अवमानाबद्दल एक महिन्याची कैद सुनावली. मंत्र्याला तुरुंग हे ठळक मथळ्याचं झालं, पण माझ्या मते मोलाची होती ती सचिवांची शिक्षा. मंत्र्याने तोंडी सांगितलं आणि मी सही केली, हा बचाव चालत नाही, हे त्या दिवशी मंत्रालयातल्या प्रत्येक सचिवाला कळलं. मंत्री येतात जातात. फायलीवर शेरा लिहिणारा हात कायम असतो.

तिसरं ताजं, आणि ते वेळेबद्दल आहे. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. 29 जूनला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशीची बहुमत चाचणी रोखायला नकार दिला आणि त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. दिल्लीच्या सेवांचा निकाल लागला त्याच 11 मे 2023 ला घटनापीठाने याही प्रकरणाचा निकाल दिला. राज्यपालांनी चाचणी बोलावण्याइतका आधार त्यांच्यापुढे नव्हता, अध्यक्षांनी नव्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती, पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने आधीची स्थिती परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा, असंही सांगितलं. मुदत पुढे न्यायालयालाच ठरवून द्यावी लागली. 10 जानेवारी 2024 ला अध्यक्षांनी कुणालाही अपात्र ठरवलं नाही. त्याविरुद्धच्या याचिका प्रलंबित असतानाच नोव्हेंबर 2024 ची विधानसभा निवडणूक होऊन गेली. कोणता गट बरोबर यावर वाचकांची मतं वेगळी असतील, असावीत. पण चूक झाली होती असं न्यायालय म्हणतं आणि त्याच वेळी ती सुधारता येत नाही असंही म्हणतं, तेव्हा पुढच्या राज्यपालाने त्यातून काय शिकावं? आधी करून टाका, निकाल यायला वर्ष लागतं.

तुलनेला 13 जुलै 2016 चा अरुणाचलचा निकाल आहे. तिथे न्यायालयाने गेलेलं सरकार परत आणलं होतं. पण सप्टेंबरपर्यंत बहुतेक सगळे आमदार पक्ष सोडून गेले आणि निकालाने परत मिळालेली सत्ता सभागृहातच विरघळली. आमदारांची निष्ठा कोणत्याही न्यायालयाला आदेशाने परत आणता येत नाही.

वेळेचा सर्वांत कटू धडा अयोध्येचा. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री कल्याणसिंह यांच्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात हमी दिली होती. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पडली. 24 ऑक्टोबर 1994 ला न्यायालयाने कल्याणसिंहांना, तेही त्याआधी जुलै 1992 मध्ये तिथे झालेल्या बांधकामाबद्दलच्या अवमानासाठी, एक दिवस कैद आणि दोन हजार रुपये दंड केला. हमीवर विसंबलेल्या न्यायालयाजवळ नंतर एवढंच उरलं होतं.

बाहेरच्या देशांतलं चित्र

अमेरिकेत 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चेरोकी लोकांच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचा कायदा चालत नाही. जॉर्जियाने निकाल जुमानला नाही, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तो लागू करायला काही केलं नाही, आणि 1838 पासूनच्या सक्तीच्या स्थलांतरात हजारो चेरोकी मेले. त्याच देशात 24 जुलै 1974 ला रिचर्ड निक्सन यांना ध्वनिफिती सोपवण्याचा आदेश आठ विरुद्ध शून्य मतांनी झाला आणि 9 ऑगस्टला त्यांनी पद सोडलं. या दोन टोकांमधला फरक ऑक्टोबर 1973 च्या एका रात्रीत सापडतो. चौकशी करणाऱ्या विशेष अभियोक्त्याला काढा, असं निक्सन यांनी फर्मावलं. ॲटर्नी जनरलनी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांच्या दुय्यम अधिकाऱ्यानेही नकार दिला, तिसऱ्याने आदेश पाळला. अभियोक्ता गेला, पण त्या दोन नकारांनी देश खवळला. पुढे फिती बाहेर आल्यावर निक्सन यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी त्यांना जाऊन सांगितलं की आता मतं नाहीत.

ब्रिटनमध्ये 24 सप्टेंबर 2019 ला अकराच्या अकरा न्यायमूर्तींनी बोरिस जॉन्सन यांचं संसद स्थगित करणं बेकायदा ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी संसद भरली. तिथे न्यायालयाला कुणाला आज्ञा करावी लागली नाही. स्थगिती झालीच नव्हती असं जाहीर केलं, आणि सभापतींनी सभागृह उघडलं. पोलंडमध्ये याच्या उलट घडलं. मार्च 2016 मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने सरकारविरुद्ध निकाल दिला, तर सरकारने तो राजपत्रात छापायलाच नकार दिला. छपाई सरकारच्या हातात होती. दक्षिण आफ्रिकेत माजी अध्यक्ष जेकब झुमा यांना 29 जून 2021 ला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. अटकेची मुदत संपायला मिनिटं उरली असताना ते तुरुंगात हजर झाले, नंतरच्या दंगलीत तीनशेहून अधिक माणसं मेली, आणि दोन महिन्यांत त्यांना वैद्यकीय कारणाने बाहेर सोडलं गेलं. आणि पाकिस्तानात 1955 मध्ये, घटना समिती बरखास्त करणाऱ्या गव्हर्नर जनरलविरुद्ध सिंधच्या न्यायालयाने दिलेला कौल न्यायमूर्ती मुनीर यांच्या फेडरल कोर्टाने उलटवला. त्यानंतरच्या लष्करी राजवटींना मान्यता देण्याची वाट त्या निकालाने मोकळी करून दिली.

मग उत्तर काय

निवडणूक रोख्यांचं प्रकरण या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर पाहा. 15 फेब्रुवारी 2024 ला घटनापीठाने योजना रद्द केली आणि तपशील देण्याचा आदेश कुठल्या मंत्र्याला दिला नाही, स्टेट बँकेला दिला. बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली. तोवर लोकसभा निवडणूक होऊन गेली असती. 11 मार्चला न्यायालयाने मुदत नाकारली आणि दुसऱ्या दिवशीची कार्यालयीन वेळ संपेपर्यंत तपशील द्या, असं बजावलं. तपशील आला. अपुरा होता म्हणून पुन्हा आदेश झाला, तेव्हा उरलेलाही आला. आदेश नेमक्या संस्थेच्या नावावर, मुदत तासांत मोजलेली, आणि कृतीचा उपयोग संपण्याआधीची. निकाल असा लिहिला की तो पाळण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यावरून मला जे दिसतं ते असं. निर्धाराच्या नेत्याला न्यायालय एकटं रोखू शकत नाही. 1976 मध्ये ते सिद्ध झालं. पण नेताही एकट्याने काहीच करू शकत नाही. त्याला सही करणारा सचिव लागतो, हात वर करणारा आमदार लागतो, गाडी पाठवणारा पोलीस अधीक्षक लागतो, आणि गप्प बसणारा नागरिक लागतो. निकाल या माणसांना नकार द्यायला कायद्याचं बळ देतो. ते बळ वापरायचं की नाही हे त्यांच्यावर आहे.

म्हणून सुधारणेच्या मागण्याही नेमक्या असायला हव्यात. सरकार पाडण्याबद्दलच्या, स्थानबद्धतेच्या, घरं पाडण्याच्या याचिकांवर कृतीआधीच अंतरिम आदेश झाला पाहिजे. घटनापीठाचा निकाल वर्षाने यावा आणि तोवर सगळं होऊन जावं, ही पद्धत न्यायालयाने स्वतःहून थांबवली पाहिजे. बेकायदा पाडकामाबद्दल अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरण्याची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 ला घेतली; ती प्रत्येक खात्यात लागू झाली पाहिजे. पक्षांतराचा निर्णय अध्यक्षाच्या मर्जीवर सोडू नये. न्यायाधीशांच्या नेमणुका आणि निवृत्तीनंतरची पदं सरकारच्या हातातली बक्षिसं राहू नयेत. 1973 आणि 1977 ला ज्येष्ठता डावलली गेली, तसं आज उघड करायची गरजही पडणार नाही, आमिष पुरेसं होईल.

आणि आपल्या वाट्याचंही काही आहे. आपल्या आवडत्या नेत्याविरुद्ध निकाल लागला की न्यायालय विकलं गेलं, आणि नावडत्याविरुद्ध लागला की न्याय झाला, असं म्हणणारा समाज आपल्याच हाताने निकालाची धार घालवतो. खन्ना डावलले गेले तेव्हा वकिलांच्या संघटना बोलल्या, काही संपादक बोलले. सत्ताधारी बाकांवरून कुणी बोललं असतं तर इतिहास वेगळा झाला असता. आपल्या बाजूच्या सरकारला निकाल पाळायला लावणारा आमदार, सचिव आणि मतदार जितक्या संख्येने असतील तितकाच निकाल बंधनकारक असतो. विरोधकांना कायदा शिकवणं सोपं आहे. आपल्या माणसाला तो पाळायला लावणं हीच खरी कसोटी, आणि ती न्यायालयाच्या इमारतीबाहेर, आपल्यापाशी होते.